उरलेल्या कापडातून लहान मुलांचे कपडे: गळा आणि आसन सांभाळा, बाकी हवा तिथे जोड द्या

जुळे सोलापुरातून एका ताईंनी विचारलं आहे. घरी सासूबाईंचं पायाचं मशीन आहे, ओटीत आलेल्या ब्लाऊजपिसांचा गठ्ठा आहे, चादरी-टॉवेलचे तुकडे आहेत आणि जुन्या सुती साड्या आहेत. नेटवरून दीड वर्षाच्या मुलीसाठी फ्रॉकचा पॅटर्न छापला, कापला, शिवला, आणि तो डोक्यातूनच जाईना. दुसरा पॅटर्न तुकड्यांत बसेना. पाच वर्षांच्या मुलाला पायजमा शिवायचा आहे, जमलं तर गड्ड्यासाठी, म्हणजे संक्रांतीच्या वेळच्या सिद्धेश्वर यात्रेसाठी, बाराबंदीही (बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा). कापड वाया न घालवता हे कसं करायचं?

ताई, तो फ्रॉक टाकू नका, तासाभरात तो घालण्याजोगा होईल. पण आधी तो का अडला ते बघू, कारण लहान मुलांच्या शिवणात सगळ्यात जास्त कापड याच एका कारणाने फुकट जातं.

लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. जन्मताना डोक्याचा घेर छातीपेक्षा जास्त असतो, वर्षाच्या आसपास दोन्ही साधारण सारखे होतात, आणि पुढे छाती हळूहळू डोक्याला मागे टाकते. आपण मोठ्या बायकांचे ब्लाऊज शिवून शिवून गळ्याचं माप छातीवरून काढायला शिकलेलो असतो. छातीचा बारावा भाग म्हणजे गळ्याची अर्धी रुंदी हे सूत्र मुलांनाही लागू आहे, पण त्यातून मानेला शोभणारा गळा मिळतो. त्यातून डोकं जाईल याची हमी ते सूत्र देत नाही.

तुमच्याच मुलीचं धरू. छाती १९ इंच. गळ्याची अर्धी रुंदी दीड इंचाच्या थोडी वर, पुढचा गळा अडीच इंच खोल, मागचा पाऊण इंच. हा गळा टेपने मोजला तर घेर साधारण १० इंच भरतो. दीड वर्षाच्या मुलीचं डोकं साडेअठरा इंचांच्या आसपास असतं. म्हणजे साडेआठ इंच कमी. मागे चीर दिली की तिच्या लांबीच्या दुप्पट घेर वाढतो, कारण तिच्या दोन्ही कडा उघडतात. म्हणून सव्वाचार इंचांची चीर जेमतेम पुरेल आणि पाच इंचांची असेल तर मूल रडणार नाही. बहुतेक पॅटर्नमध्ये ही चीर असतेच, पण कागदावर ती एका बारीक रेषेने दाखवलेली असते आणि आपण ती पाठीची मधली रेघ समजून सोडून देतो. दुसरी शक्यता, तो पॅटर्न होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडाचा असेल. तसा असेल तर चीर नसतेच, कारण तिथे गळा ताणून डोकं जातं. होजिअरीचा पॅटर्न सुती कापडावर कधीही ठेवू नका. गळा, मुंढा (बाही जोडायची गोलाई), छाती, सगळंच आवळतं.

आता दुरुस्ती. मागच्या मध्यावर खडूने पाच इंचांची रेघ मारा. गळ्याची पट्टी मागे दोन-तीन इंच उसवा. त्याच कापडाचा किंवा दुसऱ्या पातळ कापडाचा अडीच इंच रुंद, सात इंच लांब तुकडा घ्या आणि फ्रॉकच्या सुलट बाजूवर सुलट बाजू खाली करून ठेवा. रेघेच्या दोन्ही बाजूंनी शिलाई घाला. वर रेघेपासून पाव इंच अंतर ठेवायचं, खाली येईपर्यंत ते निमुळतं करत न्यायचं, पण टोकाला दोन्ही शिलाया एका बिंदूत आणायच्या नाहीत. तिथे एक टाका आडवा घ्या. हा एक आडवा टाका नसेल तर उलटवल्यावर टोकाशी चुणी पडते आणि ती इस्त्रीनेही जात नाही. मग दोन शिलायांच्या मधून टोकापर्यंत कापा, अगदी टाक्याच्या जवळ, पण टाका न तोडता. तुकडा आत उलटवा, नखाने दाबा, कडेने एक शिलाई मारा. वर दोऱ्याची कडी आणि एक चपटं बटण. झालं.

आता पॅटर्नकडे येऊ. नेटवरचा पॅटर्न छापताना प्रिंटरमध्ये ‘फिट टू पेज’ लागलेलं असेल तर सगळं आकसून छापलं जातं. पाच टक्के जरी आकसलं तरी २४ इंचांच्या तयार मापातला सव्वा इंच गेला. म्हणून पॅटर्नवर जो १ इंचाचा किंवा ५ सेंटीमीटरचा चौकोन असतो तो आधी पट्टीने मोजा. नेट-कॅफेवाल्याला ‘ॲक्चुअल साईज’ असं स्पष्ट सांगा. युरोपातल्या पॅटर्नवर ८६, ९२, ९८, १०४ असे आकडे असतात, ते मुलाच्या उंचीचे सेंटीमीटर आहेत. अमेरिकेतले वयावर असतात, आणि तिथली दोन वर्षांची मुलगी नि आपल्याकडची दोन वर्षांची मुलगी यांच्या अंगात फरक असू शकतो. वय बघून पॅटर्न निवडूच नका. छाती आणि उंची घ्या. आणखी एक बघायचं: शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी सोडायचं जास्तीचं कापड, पॅटर्नमध्ये धरली आहे की नाही. काहींत धरलेली असते, काहींत बाहेरून सोडायची असते. हे न बघता कापलं तर चारी बाजूंनी मिळून दोन-तीन इंच कमी पडतात, आणि लहान मुलाच्या कपड्यात दोन-तीन इंच म्हणजे जवळपास दोन वर्षांचा फरक.

खरं सांगायचं तर दोन-चार पॅटर्न विकत घेण्यापेक्षा तुमच्या मुलीला आज नीट बसणारा एक फ्रॉक, एक चड्डी आणि मुलाचा एक पायजमा खाकी कागदावर उतरवून घ्या. कपडा सपाट पसरा, घडीचा मध्य कागदाच्या कडेला लावा, शिवणीच्या रेषेवर टाचण्या टोचत जा आणि कागदावर उमटलेली भोकं जोडा. बाहेरून अर्धा इंच माया, खाली दोन इंच दुमड. वर्तमानपत्रावर हे करू नका, शाई फिक्या कापडाला लागते. एकदा हे कागद तयार झाले की तेच तुमचे पॅटर्न. पुढच्या वर्षी त्याच कागदावर दुसऱ्या रंगाच्या पेनाने वाढीव रेघ मारायची.

वाढीचंही एक गणित आहे. दोन वर्षांनंतर मुलं उंचीला दरवर्षी पाच-सहा सेंटीमीटर वाढतात, छातीला त्या मानाने फारच कमी. म्हणून रुंदीला मोठा कपडा शिवून ‘अंगभर होईल हळूहळू’ म्हणण्यात अर्थ नाही. खांदे ओघळतात, गळा एका बाजूला येतो, मूल तो कपडा घालत नाही आणि पेटीत पडून राहतो. वाढ उंचीत ठेवा. परकराला खाली दोन-तीन टक घालायची जुनी पद्धत यासाठीच होती. दर वर्षी एक टक उसवायचा, परकर चालू. फ्रॉकलाही हे जमतं. टक आतून घातले तर उसवल्यावर रेघ दिसते, म्हणून मी ते बाहेरून, नक्षीसारखे घालायला सांगते. उसवल्यावर तिथे एक लेस लावली की कुणाला कळत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, तुकड्यांत पॅटर्न बसत नाही. माझं म्हणणं असं की आधी तुकडा बघायचा, मग त्यातून काय होईल ते ठरवायचं. आणि मुलांच्या कपड्यात मापाची तडजोड चालत नाही अशा जागा दोनच, गळा आणि आसन (चड्डी-पायजम्याचा कमरेपासून मांडीच्या सांध्यापर्यंतचा भाग). या दोन जागा बरोबर असतील तर बाकी सगळीकडे तुकडे जोडा, रंग बदला, पट्टी लावा, कपडा अंगावर नीटच बसतो.

ब्लाऊजपीस घ्या. आपल्या घरी यांचा साठा असतोच, आणि त्यातले निम्मे कुणाच्याच ब्लाऊजला जुळत नाहीत. साधारण ८० सेंटीमीटर लांब आणि ३६ इंच पन्ह्याचं एक पीस धरू. म्हणजे ३१ इंच बाय ३६ इंच. दीड वर्षाच्या मुलीच्या फ्रॉकची उंची १७ इंच, त्यात योक (छातीवरचा बिनचुण्यांचा भाग) ६ आणि खालचा घेर ११. घेराला दुमड धरून १३ इंचांची एक पट्टी पूर्ण पन्ह्यातून काढा. योकचा खालचा घेर छाती अधिक ढिलाई मिळून २२ इंच येतो, आणि पट्टी आहे ३६. दीडपटीच्या वर चुण्या मिळाल्या. पातळ कापडाला त्या भरपूर दिसतात. राहिलं १८ बाय ३६. त्यात पुढचा योक १२ बाय ७ आणि मागचे दोन भाग साडेसात बाय ७, सगळे एका ओळीत २७ इंचांत बसतात. त्याच्याखाली तेवढीच दुसरी ओळ, ती अस्तराची. कडेला ९ इंच रुंद, १४ इंच उंच तुकडा उरतो, त्यातून दोन लहान बाह्या किंवा उरेब पट्टी (तिरकी कापलेली, वळणावर ताणणारी पट्टी). एका पिसात अस्तरासकट फ्रॉक झाला.

कापड कमी पडतं ते बहुतेक वेळा घेराच्या हौसेने. पन्हा दोनदा लावून तिप्पट घेर करायचा आणि मग योकला कापड शोधत बसायचं! एवढा घेर पाळण्यातल्या फोटोपुरता छान, पण चालायला शिकणाऱ्या मुलीच्या पायात तो येतो, आणि मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ च्या वर गेला की त्या चुण्यांखाली घामोळं उठतं.

कुठलं पीस घ्यायचं हेही बघा. टू बाय टू रुबिया हे पातळ, मऊ सुती कापड मिळालं तर सोनं. झबल्याला, योकच्या अस्तराला, पेटीकोटला त्यासारखं दुसरं नाही. ओटीतली बरीच पिसं मात्र पॉलिस्टरची असतात. कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा (मुलं जवळ नसताना). सूत कागदासारखा वास देऊन जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळतं आणि कडक मणी उरतो. मणी उरणारं कापड बाहेरच्या घेराला चालेल, अंगाला लागणाऱ्या भागाला नको. सुती असेल तर कापण्याआधी भिजवून, वाळवून, इस्त्री करा. कोरं सूत मीटरमागे तीन-पाच सेंटीमीटर सहज आटतं. रंग जातो का हे बघायला ओला पांढरा रुमाल घासून बघा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो यावर विसंबू नका. रंग सुटत असेल तर ते कापड गडद कपड्यालाच वापरा, पांढऱ्या योकला जोडू नका.

जुन्या पेट्यांत कधीकधी सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या काळातलं लाँगक्लॉथ (साधं पांढरं सुती कापड) निघतं. दिसायला कोरं, पण घडीवर विरलेलं. घडीच्या दोन्ही बाजूंना धरून हलका ताण द्या. चर्र आवाज आला तर घडी सोडून मधलाच भाग वापरा. जुन्या साड्यांचंही तसंच. पदर आणि निऱ्यांचा भाग टिकलेला असतो, बसण्याचा भाग गेलेला असतो. तान्ह्या बाळाच्या झबल्याला मात्र हीच धुऊन मऊ झालेली साडी उत्तम, नव्या कापडाची खळ त्याच्या कातडीला टोचते.

काठ नसलेल्या तुकड्यात उभा धागा कुठला हे ओळखायचं असेल तर दोन्ही दिशांनी ओढून बघा. जिकडे कमी ताणतं तो उभा. योक आणि पायजम्याला उभा धागा उभाच ठेवा. चुण्यांच्या घेराला आडवा गेला तरी बिघडत नाही.

उरेब पट्टी विकत आणू नका. ८ इंचांच्या चौकोनी चिंधीतून सव्वा इंच रुंदीची ४० इंचांहून जास्त पट्टी निघते. एक गळा आणि दोन मुंढे त्यात आटोपतात. मुंढ्याच्या वळणावर पट्टी किंचित ओढून लावा, म्हणजे कड फाकत नाही. घरी इंटरलॉक (कापडाच्या कडा गुंफणारं मशीन) नाही म्हणून बायका अडतात. मुलांच्या पातळ कपड्यांना डबल शिलाई इंटरलॉकपेक्षा बरी. आधी उलट बाजू एकमेकींवर ठेवून पाव इंचावर शिवा, कडा बारीक कापा, कापड उलटवा आणि पुन्हा पाव इंचावर शिवा. धागे आत बंद होतात, अंगाला काही टोचत नाही. यासाठी माया मात्र अर्धा इंच पूर्ण हवी.

आता मुलाचा पायजमा. नवं कापड घेऊच नका. घरातल्या मोठ्या माणसाचा जुना सुती पायजमा घ्या. आतल्या मांडीची शिवण उसवून पाय सपाट पसरा. पायाची खालची दुमड आहे तशीच ठेवा आणि मुलाच्या पायजम्याचा कागद तिच्यापासून वर मांडा. खालचं शिवणकाम वाचलं. पाच वर्षांच्या मुलाला एका पायाला साधारण १६ इंच रुंदी लागते, मोठ्या पायजम्यात ती मिळते. गुडघ्याचा भाग उजेडासमोर धरून बघा. विरला असेल तर आतून त्याच कापडाचा तुकडा लावून दोन शिलाया मारा.

आसनाचं माप असं घ्या. मुलाला खुर्चीवर ताठ बसवा, कमरेपासून बाजूने खुर्चीपर्यंत मोजा, त्यात दीड इंच मिळवा. मग कागद पुन्हा तपासा, कारण पुढचं आणि मागचं आसन सारखं नसतं. मागचं वरच्या कडेला एक ते दीड इंच उंच हवं. पुढचं-मागचं सारखं कापलं की मूल वाकल्यावर पायजमा मागून खाली सरकतो आणि दिवसभर ते हाताने वर ओढत राहतं. मुलगी अजून लंगोट किंवा डायपर वापरत असेल तर तिच्या चड्डीला मागे आणखी अर्धा इंच द्या. आसनाच्या टोकाशी कापड कमी पडलं तर तिथे जोड चालतो. फक्त शिवण चपटी दाबून दोनदा शिवा, नाहीतर मांडी खरचटते. इलास्टिक कमरेपेक्षा दोन इंच कमी. ते कापडावर शिवून टाकू नका. नेफ्यात मागे इंचभर फट ठेवा, म्हणजे सैल झालं की बदलता येतं.

टॉवेलच्या तुकड्यांची लाळेरी करा. सोलापुरी टॉवेलइतकं पाणी शोषणारं दुसरं काही घरात सापडणार नाही. टाका थोडा लांब ठेवा. टॉवेलचे फासे मशीनच्या पायात अडकत असतील तर वर पातळ कागद ठेवून शिवा आणि मग फाडून काढा. कडा दुमडू नका, उरेब पट्टी लावा. चादरीच्या तुकड्यांतून बिनबाह्यांचं जाकीट होतं, डिसेंबरच्या सकाळच्या शाळेला उपयोगी पडतं. पण चादर आधी कापली तर हातात धागेच राहतात. खडूने आकार काढा, रेषेच्या आतून जवळजवळ दोन शिलाया मारा आणि मग कापा. सुई १६ किंवा १८ नंबरची घाला. पातळ कापडाची ११ नंबरची सुई चादरीत मोडते. खांद्याची एकच शिवण ठेवा, बाजू बंदांनी बांधा. जाड चादरीच्या चार घड्या मशीनखाली गेल्या की सुईही जाते आणि मशीनचं टायमिंगही (सुई आणि खालच्या शटलचा मेळ).

बोरन्हाणाला काळं झबलं लागतं आणि ते बहुधा एकदाच अंगावर येतं. त्यासाठी नवं काळं कापड घेऊ नका. काळ्या ब्लाऊजपिसाचं झबलं करा, त्याच्या कडांना पांढरी पट्टी लावा, नंतर ते घरी रोजच्याला चालतं. मात्र काळा रंग कोमट पाण्यात दोन-तीनदा धुऊन मगच बाळाच्या अंगाला लागू द्या.

बटणं आणि नाड्यांबद्दल मी कडक आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला पुढे बटण नको, ते तोंडात जातं. लावायचंच तर मागे, आणि दोरा गाठ मारून पक्का. गळ्यापाशी नाडी नको. युरोपातल्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना टोपी आणि गळ्यापाशी नाड्या ठेवायला मनाई आहे, कारण त्या पाळण्याला, घसरगुंडीला अडकतात. कुंचीचे बंद बाळ मांडीवर असेपर्यंतच बांधा, झोपवताना सोडा.

हाच नियम बाराबंदीला लावा. गड्ड्यात नंदीध्वजाच्या मिरवणुकीत ज्यांच्या अंगावर पांढऱ्या बाराबंद्या असतात ती बहुतेक मोठी माणसं. पाच वर्षांच्या मुलाला गळ्याचा वरचा बंद दाखवण्यापुरता शिवा आणि आतून एक टिचबटण लावा, छातीचे आणि कमरेचे बंद खरे ठेवा. बंद चार-पाच इंचांहून लांब नकोत. कापड पांढरं लाँगक्लॉथ किंवा जुनं धोतर. पुढचे दोन्ही पल्ले एकमेकांवर पूर्ण आले पाहिजेत, म्हणून पुढच्या प्रत्येक भागाला मध्यापासून तीन इंच जास्त धरा. मुंढा छातीच्या चौथ्या भागाला अर्धा इंच जास्त, कारण थंडीत आत गंजी आणि स्वेटर असतो. हे कापड आत्ता भिजवून ठेवा. माप मात्र डिसेंबरअखेरीस घ्या आणि त्यानंतरच कापा.